‘लाडूच तर करते!’

दिवाळी आठ दिवसांवर आली, की पुण्याहून लेकीचा फोन येतो. भाऊबीज कोणत्या वारी, साडी कुठली घ्यायची, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘आई, शशीचे लाडू कधी करायचे? मी आल्याशिवाय बेसन भाजू नकोस हं!’’

शेजारी नव्यानं राहायला आलेल्या वहिनींनी एकदा हे ऐकलं आणि विचारलं, ‘‘शशी कोण हो? तुमच्या जाऊबाई का?’’

जाऊबाई कसल्या! शशी म्हणजे शशी गोडबोले. ‘इंग्लिश विंग्लिश’ सिनेमातली, पुण्यात राहणारी, घरी लाडू करून विकणारी आणि इंग्रजी येत नाही म्हणून घरातल्यांच्याच थट्टेचा विषय झालेली श्रीदेवी. आमच्या घरात बेसनाच्या लाडवांना तिचं नाव कसं पडलं, त्याचीच ही गोष्ट. लाडवांची कृतीही शेवटी दिली आहे. पण मैत्रिणींनो, आधी गोष्ट वाचा, कारण कृतीतल्या दोन सूचना मी त्या गोष्टीतच शिकले आहे!

हा सिनेमा 5 ऑक्टोबर 2012 ला आला. ‘जुदाई’नंतर पंधरा वर्षांनी श्रीदेवी पडद्यावर मोठ्या भूमिकेत दिसणार म्हणून आमच्या भिशीतल्या सगळ्याच जणी हरखल्या होत्या. आम्ही सात जणी. घरातल्यांचं जेवण झाकून ठेवलं, एसटी पकडली आणि राहुरीहून नगर गाठलं. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडातलं ‘नगर’ काही जात नाही.

थिएटरात आम्ही पोट धरून हसलो. न्यूयॉर्कच्या त्या कॉफीच्या दुकानात शशीची त्रेधा उडते, काउंटरवरची बाई तिच्यावर खेकसते आणि ती रडवेली होऊन बाहेर पळते, तिथे मात्र सगळ्या गप्प झालो. पण माझ्या पोटात खड्डा पडला तो त्याच्याही आधी, पुण्यातल्या प्रसंगाला. शशी लेकीच्या शाळेत पालकसभेला जाते आणि तिला इंग्रजी बोलता येत नाही म्हणून लेकीला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

कारण माझी लेक तेव्हा नववीत होती. तीन महिन्यांपूर्वीच ती मला म्हणाली होती, ‘‘आई, मीटिंगला तू नको, बाबांना पाठव ना. तुझ्या हाताला कायम तुपाचा वास येतो.’’ मी हसून सोडून दिलं होतं. कुणाला बोललेही नव्हते. अंधारात बसल्यावर ते सगळं वर आलं. पदर डोळ्याला लावला, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘अगं, अजून अर्धा सिनेमा बाकी आहे, आत्ताच काय रडतेस!’’

ही गोष्ट सुचली कशी, ते मी पुढे कुठेतरी वाचलं. दिग्दर्शिका गौरी शिंदे मूळच्या पुण्याच्या. त्यांच्या आईचा घरगुती लोणच्यांचा व्यवसाय होता आणि त्यांना सफाईदार इंग्रजी येत नव्हतं. लहानपणी आपल्याला त्याची लाज वाटायची, त्याबद्दल आईची माफी मागावी म्हणून हा सिनेमा केला, असं गौरी शिंदेंनीच सांगितलंय. म्हणजे पडद्यावरचे लाडू हे खरं तर लोणच्याच्या बरणीतून आलेले! ते वाचलं तेव्हा वाटलं, आपल्या आईचं काय काय आपण असंच लपवलं असेल.

सिनेमातला आणखी एक प्रसंग आठवा. इंग्रजीच्या वर्गात पहिल्या दिवशी शशी अडखळत सांगते, की मी लाडू करते आणि विकते. तिचे सर तिला एक भलामोठा शब्द देतात, ‘आंत्रप्रनर’. म्हणजे उद्योजक. तो शब्द घोळवत ती रस्त्यानं चालते, तेव्हा तिची चालच बदललेली असते.

परतीच्या एसटीत आमच्या काकूंनी विषय काढला, ‘‘काय गं, आपल्यात आहे का एखादी उद्योजक?’’ सगळ्या हसल्या. मग मोजायला लागलो. एक जण उन्हाळ्यात पापड-कुरडया करून देते. एक जण ब्लाउज शिवते. एकीच्या दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ पंधरा लिटर दूध घालते. काकू स्वतः गोधड्या शिवायच्या. मी दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घ्यायची. सातातल्या पाच जणी निघाल्या! आणि पाचही जणी इतकी वर्षं म्हणत होतो, ‘‘काही नाही हो, घरीच असते.’’

माझ्या लाडवांची सुरुवात तशी साधीच. लहानपणी दिवाळी जवळ आली, की आम्ही मुलं नानकटाईचं सामान डब्यात घालून बेकरीत जायचो. मैदा, साखर, डालडा आपला आणि भट्टी त्यांची. तासन्‌तास ताटकळायचं आणि गरम पत्रे डोक्यावर घेऊन घरी यायचं. लग्नानंतरही माझ्या घरात ओव्हन नव्हता, आजही नाही. पण लाडवाला भट्टी लागत नाही, ओव्हन लागत नाही. जाड बुडाची कढई, मंद गॅस आणि हलवणारा हात एवढंच लागतं. सासूबाईंनी तो हात मला शिकवला. शेजारणींनी चव घेतली. कुणी म्हणालं, ‘‘आमचेही दोन किलो करून दे,’’ आणि ऑर्डरी सुरू झाल्या.

सामान तर आमच्या अंगणातलंच म्हणायचं. हरभरा घ्या. आमच्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं काढलेले ‘विजय’, ‘विशाल’, ‘दिग्विजय’ हे वाण इकडच्या शेतकऱ्यांच्या तोंडी असतात. आम्ही दिवाळीत बेसन भाजत असतो, त्याच सुमारास शेतात नव्या हरभऱ्याची पेरणी चालू असते. साखरेचं तर सांगायलाच नको. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी उभा केलेला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना आमच्याच जिल्ह्यातला. त्याचा पहिला गळीत हंगाम 1950-51 चा. आणि दुधाचे कॅन लटकवलेल्या मोटरसायकली पाहायच्या असतील, तर पहाटे आमच्या कुठल्याही गावच्या रस्त्यावर उभं राहावं. डाळ, साखर, तूप तिन्ही जिल्ह्यातलं. बेदाणे, वेलची, जायफळ तेवढं बाहेरचं!

तर सिनेमा पाहिला त्याच वर्षीची, 2012 ची दिवाळी. एका पतसंस्थेकडून मला पहिल्यांदाच मोठी ऑर्डर आली. कर्मचाऱ्यांना भेट द्यायला दहा किलो बेसनलाडू, वसुबारसेला संध्याकाळी पोहोचवायचे. दहा किलो म्हणजे 40 ग्रॅमचा एक धरला, तरी अडीचशे लाडू. इतकी वर्षं मी किलो-दोन किलोच्या वर गेले नव्हते. आमच्याकडे पाहुणे बसले होते. त्यांनी कौतुकानं विचारलं, तर आमचे हे म्हणाले, ‘‘त्यात काय विशेष, लाडूच तर करते!’’ वाईट हेतूनं नाही म्हणाले. सिनेमातला सतीशही काही दुष्ट नाही. पण नेमकं तेच वाक्य डोक्यात घेऊन मी कामाला लागले आणि घाई केली.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी मंडपवाल्याकडून मोठी कढई आणली आणि साडेचार किलो पीठ एकदमच भाजायला टाकलं. वाटलं, पाच वेळा भाजण्यापेक्षा एकदाच उरकेल. पण एवढ्या पिठाला माझा हात पुरेना. कालथा तळापर्यंत जाईना. वरचं पीठ कच्चं आणि खालचं लागायला लागलं. तेवढ्यात लाइट गेली. अंधारात रंग कळेना, म्हणून नुसत्या वासावर गॅस बंद केला. आठ वाजत आले होते. मिश्रण परातीत ओतलं आणि थंड व्हायची वाट न बघता साखर घातली. एवढा मोठा ढीग आतून लवकर निवत नाही, हे लक्षातच आलं नाही. गरम पिठात साखर विरघळली, मिश्रण सैल झालं. वळलेले लाडू ताटात ठेवले, तर डोळ्यांदेखत बसायला लागले. लाडवांचे पेढे झाले, पेढ्यांच्या भाकऱ्या झाल्या! एक मोडून तोंडात टाकला, तर जिभेवर करपट कडू चव.

नुसते बसलेले लाडू दुरुस्त होतात. पण करपलेलं बेसन कशानंही सुधारत नाही. वेलची घाला, जायफळ घाला, कडू ते कडूच. मी परातीसमोर फतकल मारून बसले. दोन किलोच्या वर साजूक तूप गेलं होतं.

आमचे हे म्हणाले, ‘‘मिठाईवाल्याकडून दहा किलो घेऊन ये, डब्यात भर आणि देऊन टाक. कुणाला कळतंय?’’ शेजारच्या काकूंनाही तेच पटलं. खरं सांगते, मलाही क्षणभर पटलं.

तेव्हा दारात उभी राहून लेक म्हणाली, ‘‘आई, शशीनं काय केलं होतं?’’

सिनेमा तिनं मैत्रिणींबरोबर पाहिला होता, हे मला ठाऊकच नव्हतं. तुम्हाला आठवत असेल, भाचीच्या लग्नाच्या दिवशीच शशीची इंग्रजीची परीक्षा असते. लग्नासाठी केलेले लाडू लहानग्या मुलाच्या खोडीपायी वाया जातात. विकतचे आणू या, असं पुतळ्यासारखी उभी राहिलेल्या मावशीला भाची राधा सुचवते. पण शशी परीक्षा सोडते आणि पुन्हा लाडू करायला बसते. थिएटरात मला तिचा राग आला होता. एवढं शिकलीस, आता परीक्षा दे की बाई! त्या रात्री परातीसमोर बसले तेव्हा ते कळलं. इंग्रजी ती शिकत होती, पण लाडू हे तिचं काम होतं. स्वतःच्या नावानं दुसऱ्याचा माल द्यायचा, हे तिला जमणारं नव्हतं.

मी उठले. दुकान बंद होता होता पाच किलो डाळ उधारीवर आणली. गिरणी रात्री बंद, पण गिरणीवाल्या मावशींनी पहाटे लाइट आल्या आल्या दळून दिलं. वर म्हणाल्या, ‘‘घाई नका करू ताई, बेसन अन् लेकरू घाईनं मोठं होत नसतं.’’ या वेळी एक-एक किलोच भाजलं. पाच वेळा, प्रत्येक वेळी पाऊण तास. दुसरी कढई लेकीनं घेतली. दहा मिनिटांत तिनं हात बदलला, वीस मिनिटांत दंड चोळायला लागली. म्हणाली, ‘‘आई, हे तू दर वर्षी एकटी करतेस?’’ मी काही बोलले नाही. दुपारी तिनं अडीचशेतले ऐंशी लाडू वळले. पहिले वीस वेडेवाकडे झाले, ते घरी ठेवले.

वसुबारसेला दिवेलागणीच्या आत डबे पोहोचले. तक्रार आली नाही. कौतुकही फारसं झालं नाही. ऑर्डर देणाऱ्याला आमच्या रात्रीची काय कल्पना!

पण त्या रात्री एक गोष्ट घडली. लेकीनं जुन्या वहीचं पान काढलं आणि हिशेब मांडला. दोनदाची डाळ, दोनदाचं तूप, साखर, वेलची, बेदाणे, दळण, गॅस, कढईचं भाडं, पुठ्ठ्याचे डबे. बेरीज केली, तर त्या ऑर्डरीत मला काहीच सुटलं नव्हतं, उलट घरातलेच गेले होते. ते मला अपेक्षित होतं. पण तिनं मागच्या वर्षीच्या, न बिघडलेल्या ऑर्डरीही मांडल्या आणि विचारलं, ‘‘यात तुझी मजुरी कुठेय?’’

मजुरी? मी कधी धरलीच नव्हती. सामानाच्या वर थोडेफार सुटले, की मला वाटायचं नफा झाला. आमच्या इथे खुरपणीला जाणाऱ्या बाईलाही दिवसाची हजेरी मिळते. मी मात्र दिवसभर गॅससमोर उभी राहून माझी हजेरी शून्य लावत होते. सिनेमा बघून नवऱ्याचा आणि लेकीचा राग आला होता. पण मैत्रिणींनो, ‘लाडूच तर करते’ हे सगळ्यांत आधी मी स्वतःच म्हणत होते.

पुढच्या वर्षीपासून वहीत सगळ्यांत वरचा रकाना मजुरीचा केला. भाव वाढला. दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांनी नाक मुरडलं, एक कायमचं तुटलं. बाकीचे टिकले. घरगुती खाद्यपदार्थ विकायचे तर 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, हेही तेव्हाच कळलं. तीही करून घेतली. आमचे हे आता डबे वजन करून भरतात आणि एक लाडू कमी-जास्त झाला, तर माझ्यावरच डोळे वटारतात!

2014 च्या जूनमध्ये लेकीचा अकरावीचा प्रवेशअर्ज भरत होतो. ती लिहीत होती, मी शेजारी कागदपत्रं चाळत होते. ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यापाशी ती थांबली. ‘‘काय लिहू?’’

सवयीनं माझ्या तोंडून निघालं, ‘‘लिही, गृहिणी.’’

तिनं पेन खाली ठेवलं. ‘‘आई, ही फी कुठून आली?’’

फी लाडवांच्या पैशांतूनच आली होती. मी गप्प बसले. तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘गृहउद्योग’. त्या वर्षी पालकसभेला मी गेले. हाताला तुपाचा वास होता की नाही, ते काही मी हुंगून पाहिलं नाही.

24 फेब्रुवारी 2018 ला श्रीदेवी दुबईत गेली. लेक तेव्हा पुण्यात शिकत होती. सकाळी तिचा फोन आला, दोघीही नीट बोलू शकलो नाही. तिनं एवढंच विचारलं, ‘‘घरात बेसन आहे का?’’ होतं. दिवाळी नव्हती, ऑर्डर नव्हती. तरी त्या दुपारी मी अर्धा किलोचे लाडू केले. त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांचं नाव ‘शशीचे लाडू’.

तुमच्याही गावात अशा शशी असतील. कदाचित तुम्हीच असाल. यंदा कुणी विचारलं, ‘काय करता?’, तर ‘काही नाही, घरीच असते’ म्हणायच्या आधी एक श्वास घ्या. आणि वहीत मजुरीचा रकाना आखा. तो एकदा आखला, की पुढचं आपोआप सुचतं.

शशीचे बेसनलाडू

साहित्य : हरभऱ्याची डाळ 1 किलो, साजूक तूप अर्धा किलो, पिठीसाखर 700 ते 750 ग्रॅम, दूध पाव वाटी, वेलचीपूड 2 चमचे, थोडं जायफळ, बेदाणे आवडीप्रमाणे. एवढ्यात 40 ग्रॅमचे साधारण 55 लाडू होतात.

कृती : डाळ कोरडीच किंचित गरम होईपर्यंत भाजून घ्या. गार झाली, की रवाळ दळून आणा. अगदी बारीक पिठाचे लाडू टाळूला चिकटतात. जाड बुडाच्या कढईत 400 ग्रॅम तूप गरम करून पीठ घाला आणि मंद गॅसवर भाजत राहा. सुरुवातीला पीठ कोरडं, गोळ्यागोळ्यांचं वाटेल. लगेच जास्तीचं तूप ओतायचा मोह आवरा. तापत गेलं, की ते आपोआप सैल होतं आणि हाताला हलकं लागतं. मग लागेल तसं उरलेलं तूप चमच्याचमच्यानं घाला. पाऊण तासानं खमंग वास सुटतो आणि रंग बदामी होतो. आता गॅस बंद करून दुधाचा हबका मारा. पीठ फसफसून वर येईल. हलवत राहा, म्हणजे दुधाचा ओलावा पूर्ण उडेल आणि पीठ छान रवाळ होईल.

मिश्रण परातीत पसरून ठेवा. हात सहज ठेवता येईल इतकं कोमट झाल्यावरच साखर, वेलची, जायफळ घाला. तळहातानं चांगलं फेसा आणि बेदाणा लावून लाडू वळा.

लक्षात ठेवा : एका वेळी एक किलोपेक्षा जास्त पीठ भाजू नका. गरम मिश्रणात साखर घालू नका. तूप जास्त होऊन लाडू बसले, तर थोडं बेसन कोरडंच भाजून, गार करून मिसळा किंवा मिश्रण थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा वळा. करपलं असेल, तर मात्र मन घट्ट करा आणि नव्यानं भाजायला घ्या.